पक्षाघातानंतरचं मन : घरच्यांनो, या चुका टाळा

पक्षाघातानंतर घरात हात किती उचलला, पाय नीट टेकला का, बीपी किती आलं याची रोज विचारपूस होते. मनाची क्वचितच. आणि मनात जे बिघडतं ते घरचे सरळ स्वभावाच्या खात्यावर टाकतात : हट्टी झालेत, आळशी झालेत, हळवे झालेत. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

‘एवढं मोठं आजारपण आलं, उदास तर होणारच!’ हे वाक्य समजूतदार वाटतं, पण त्यामुळे डॉक्टरांना कोणी काही सांगतच नाही. पक्षाघात झालेल्या साधारण दर तीन जणांपैकी एकाला पुढे कधी ना कधी नैराश्य येतं. चार दिवसांची उदासी वेगळी. सलग दोन आठवडे कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, फिजिओथेरपिस्ट आले की ‘कशाला उगाच’, असं चाललं असेल तर पुढच्या तपासणीची वाट न बघता सांगा. व्यायामाची इच्छाच मेली की हातापायांची सुधारणाही अडते.

रडण्याचं मात्र जरा नीट बघायला हवं. कोणी नुसतं ‘कशा आहात?’ विचारलं की आईंचा चेहरा ओढला जातो, हुंदके सुरू होतात. मिनिटाभरात थांबतात आणि त्या शांतपणे चष्मा मागतात. काहींना नको तिथे हसू फुटतं. भावना बाहेर दाखवण्यावर मेंदूचा जो ताबा असतो तो सैल झाल्याने हे होतं. आत तेवढं दुःख असेलच असं नाही. अशा वेळी सगळ्यांनी भोवती गोळा होऊन समजूत घालणं ही चूक, आणि ‘लहान मुलासारखं काय रडता’ म्हणणं त्याहून मोठी. क्षणभर थांबा, विषय बदला, बोलणं पुढे न्या. पाहुण्यांनाही आधी कल्पना द्या. बऱ्याच जणांचं हे काही महिन्यांत कमी होतं. नाही झालं तर त्यावर औषध आहे.

दिवसभर खिडकीशी बसून असणारा माणूस दुःखी नसेलही. स्वतःहून काही सुरू करण्याची ऊर्मीच पक्षाघाताने कमी होऊ शकते. त्याला ‘फिरायला जायचं का?’ विचारलंत तर उत्तर ‘नाही’च येणार. त्याऐवजी वेळ ठरवा, चपला पुढे ठेवा आणि ‘चला’ म्हणा. अनेकदा तो उठतो. थकव्याचं मात्र उलट आहे, तिथे ढकलून उपयोग नाही. हा थकवा सौम्य पक्षाघातानंतरही येतो आणि झोपून पूर्ण जात नाही. अवघड कामं दिवसाच्या ताज्या वेळेत घ्या, दमण्याआधीच विश्रांती द्या.

वाचा गेलेल्या पेशंटसमोर त्याच्याबद्दल त्रयस्थासारखं बोलू नका. बोलता येत नाही म्हणजे कळत नाही असं नव्हे. एका वेळी एकच, हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न विचारा, अंगठ्याची खूण ठरवून घ्या. मूड कसा आहे हे त्याला सांगता येत नसेल, तर तुमची निरीक्षणं डॉक्टरांना सांगा. सांभाळणाऱ्याने भरायच्या प्रश्नावल्याही असतात.

औषधांचा गोंधळ तर घरोघरी. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत ‘फरक नाही’ म्हणून बंद करू नका, बरं वाटलं म्हणून एकदम तोडूही नका. यातल्या काही गोळ्या रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढवतात, वयस्कर माणसाचं सोडियम उतरवू शकतात. म्हणून ओळखीच्यांच्या चिठ्ठीवर काही आणू नका. फ्लुओक्सेटीन हे नैराश्यावरचं औषध दिलं की हातपाय लवकर सुधारतात, हेही कानावर येईल. २०१८ आणि २०२० मध्ये आलेल्या मोठ्या चाचण्यांत तसं दिसलं नाही. हाडं मोडण्याचं प्रमाण तेवढं वाढलं. नैराश्य असेल तर ते जरूर घ्यावं, पण हातपाय सुधारावेत म्हणून नव्हे.

दोन गोष्टींत मात्र अजिबात थांबू नका. काही तासांत अचानक भ्रमिष्टपणा आला, बोलणं बदललं, तर तो मनाचा खेळ समजू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. आणि ‘मी गेलो तर बरं’ असं ऐकलंत, तर जीव द्यावासा वाटतो का हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल, तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

सांभाळणाऱ्याचीही झोप उडालेली असते, चिडचिड वाढलेली असते. तपासणीला गेल्यावर तेही सांगा, आणि आठवड्यातले काही तास जबाबदारी दुसऱ्या कोणाकडे द्या.