डोंगरात सॅक घेऊन दिवसभर चालताय? या चुका टाळा

मुक्कामाला पोचलं की तक्रारी सुरू होतात, खांदे गेले, टाचेला फोड आलाय, डोकं ठणकतंय, जेवायची इच्छाच नाही, आणि मग सगळा राग सॅकवर नाहीतर बुटांवर निघतो. पण संध्याकाळी जे दुखतं ना, ते बहुतेक वेळा सकाळच्या पहिल्या दोन-तीन तासांतच सुरू झालेलं असतं, तेव्हा अंगात जोर असतो म्हणून कळत नाही एवढंच. एका दिवसाच्या ट्रेकला हे खपून जातं, पण उद्या परत तेवढंच चालायचंय आणि परवा पण, तेव्हा नाही खपत.

उशिरा निघणं

चहा, फोटो, सॅक परत एकदा उपसणं, यात नऊ कधी वाजतात कळतच नाही. मोठ्या डोंगरात याची किंमत दुपारी मोजावी लागते. उन्हाळ्यात ढग साधारण दुपारनंतर भरतात आणि वीज कडाडायला लागते तेव्हा तुम्ही नेमके डोंगराच्या उघड्या धारेवर असता, त्यामुळे खिंड किंवा धार दुपारच्या आत ओलांडायची. बर्फ वितळून वाहणारे ओढे पण असेच, पहाटे पाणी सगळ्यात कमी, आणि दिवसभर बर्फ वितळला की दुपारी उशिरा तोच ओढा मांडीपर्यंत.

वेळेचा हिशोब लोक नकाशावरच्या किलोमीटरवरून करतात आणि चढ विसरतात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला नियम अजून कामाला येतो, ५ किलोमीटरला एक तास आणि शिवाय दर ६०० मीटर चढाईला अजून एक तास. म्हणजे १५ किलोमीटर आणि १२०० मीटर चढ असेल तर पाच तास, ते पण न थांबता. पाठीवर जड सॅक आणि पायाखाली मोठे दगड असतील तर त्यात दीड-दोन तास बिनधास्त मिळवा.

जॅकेट घालून चालायला लागणं

सकाळी थंडी वाजते म्हणून डाऊन जॅकेट (आत मऊ पिसं भरलेलं) चढवून निघायचं आणि वीस मिनिटांत आतून भिजायचं, ही चूक अनुभवी लोक पण करतात कारण थांबून सॅक उतरवायचा कंटाळा. घामाने ओलं झालेलं डाऊन फुगत नाही, म्हणजे रात्री जेव्हा त्याची खरी गरज तेव्हा ते निकामी. निघताना थोडी थंडी वाजायलाच पाहिजे. आणि वर जाताना दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, वारा वेगळाच, तेव्हा विंडचीटर सॅकच्या तळाशी गाडून ठेवू नका.

"बघू पुढे थांबल्यावर"

हे वाक्य म्हणजे फोड. टाचेला किंवा करंगळीला थोडं गरम लागतंय, काहीतरी घासतंय असं वाटलं की त्याच मिनिटाला थांबायचं, ग्रुप पुढे गेला तरी. बूट काढा, मोजा काढा, मोजा उलटा करून झटका, बऱ्याचदा एखादा खडा किंवा शिवणीची गाठ सापडते. जागा नीट कोरडी करा आणि मग तिथे टेप लावा, घामट कातडीवर टेप टिकत नाही. टेपचे कोपरे कात्रीने गोल कापा, चौकोनी कोपरा मोज्यात अडकून उचलला जातो आणि तासाभरात सगळी टेप गोळा होऊन अजून त्रास. लावताना सुरकुती नको, बोटाने घासून बसवा.

फोड आलाच असेल आणि दुखत नसेल तर फोडू नका. मोठा असेल, पाय टेकवत नसेल, तर सुई निर्जंतुक करून कडेला छिद्र पाडा, पाणी काढा, वरची कातडी मात्र ओढून काढू नका, ती झाकण म्हणून राहू द्या आणि वरून ड्रेसिंग. बाकी मोठ्या ब्रेकमध्ये बूट-मोजे काढून पाय वाळवायचे, एवढ्यानेच बरेच फोड टळतात. लांब उतार सुरू व्हायच्या आधी घोट्याजवळची लेस आवळून घ्या, नाहीतर बोटं पुढे आपटत राहतात आणि नखं काळी पडतात.

सॅकचे पट्टे उलट्या क्रमाने बांधणं

आधी सगळं सैल करा, मग हिप बेल्ट कमरेच्या हाडावर, पोटावर नाही, तो आवळा, मग खांद्याचे पट्टे, मग खांद्यावरून सॅकच्या वरच्या टोकाला जाणारे छोटे पट्टे, छातीचा पट्टा शेवटी. वजन कमरेवर यायला पाहिजे. जड सामान पाठीला चिकटून मध्यभागी, स्लीपिंग बॅग खाली. रोज खाणं संपत जातं तशी सॅकची ठेवण बदलते, त्यामुळे पहिल्या दिवशी बसवलेले पट्टे पाचव्या दिवशी तसेच ठेवले तर खांदे बोंबलणारच.

डोकं दुखलं की नुसतं पाणी ढोसणं

इथे जरा विचार करा. डोकेदुखी पाणी कमी पडल्याची असू शकते, उन्हाची, उपाशीपोटी चालल्याची, किंवा उंचीची. नुसतं साधं पाणी लिटरच्या लिटर प्यायलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि त्यानेही मळमळ, डोकेदुखी होते, म्हणून तहान लागेल तसं प्या आणि सोबत काहीतरी खारट खा. खाणं तासाभराने थोडं थोडं, भूक लागायची वाट बघू नका.

पण २५०० मीटरच्या वर डोकेदुखीसोबत मळमळ किंवा भयंकर थकवा असेल तर उंचीचाच त्रास आहे असं धरून चाला, त्या दिवशी अजून वर जाऊ नका. माणूस सरळ रेषेत चालताना तोल जातोय, बोलण्यात गोंधळ होतोय, किंवा बसल्या जागी धाप लागतीये, मग वाद घालत बसू नका, लगेच खाली न्या, रात्र असली तरी. ३००० मीटरच्या पुढे झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही हा साधा नियम आहे, आणि वेळ वाचवायच्या नादात सगळ्यात जास्त मोडला जातो तो हाच.

वाट चुकल्यावर पुढेच जात राहणं

"पुढे मिळेल कुठेतरी" म्हणत लोक ओढ्याच्या कडेने खाली उतरतात आणि कड्याच्या टोकाशी अडकतात. दहा मिनिटं वाटेची काहीच खूण दिसली नाही की थांबा, जिथे शेवटची खात्री होती तिथे परत या. फोन एरोप्लेन मोडवर, थंडीत आतल्या खिशात, बॅटरी गारठली की चार्ज असून बंद पडते.

ओढा ओलांडताना हिप बेल्ट आणि छातीचा पट्टा उघडा ठेवा म्हणजे पडलात तर सॅक सोडता येईल. पाणी गुडघ्याच्या वर आणि जोरात असेल तर अलीकडेच तंबू टाका, पहाटे बघू.

मुक्कामाला पोचून बसून राहणं

टेकलात की उठवत नाही, आणि ओल्या कपड्यात अंग गार पडतं. आधी कोरडे कपडे, मग तंबू, मग गप्पा. तंबू दरीच्या अगदी तळाशी, पाण्याला लागून नको, थंड हवा तिथेच साचते आणि सकाळी सगळं दवाने ओलं. गॅस पेटत नसेल तर कॅनिस्टर, म्हणजे गॅसचा डबा, बघा, साधा ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचंच बंद करतो, आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या. पाण्याचा फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. एकदा वापरलेला फिल्टर गोठला की आतल्या बारीक नळ्या फुटतात, बाहेरून काही दिसत नाही, पाणी पण नेहमीसारखंच येतं, जंतूंसकट. गोठल्याची शंका जरी आली तरी त्याचा नाद सोडा आणि पाणी उकळून घ्या, खळखळून एक मिनिट, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं.