एडीएचडी आणि आवाजाचा त्रास: मला कशाने फरक पडला

लक्षण असं: शेजारी कुणी पेनाची टकटक सुरू केली की वाचत असलेली ओळ डोक्यातून पुसली जायची, छातीत धडधड आणि राग. निदान एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि आवेग आवरणं अवघड जातं ती स्थिती), श्रवणतज्ज्ञाकडची तपासणी नॉर्मल.

आधी फोमचे इअरप्लग दिवसभर घातले. चूक. कान सतत बंद ठेवले की मेंदू संवेदनशीलता वाढवतो. ते काढले की साधा भांड्यांचा आवाजही टोचायचा. हेडफोनच्या नॉइज कॅन्सलिंगने (बाहेरचा आवाज दाबण्याची सोय) पंख्याची घरघर जाते, पण टकटक मग जास्तच ठळक ऐकू येते. गाणी लावली तर मन शब्दांमागे जायचं. दोन वर्षं यात गेली, कधी कधी रडू यायचं.

जमलं ते या क्रमाने. नॉइज कॅन्सलिंग बंद. कामाच्या पाच मिनिटं आधी, म्हणजे चिडचिड सुरू होण्यापूर्वीच, हेडफोनवर ब्राउन नॉइज लावायचा (धबधब्यासारखा सलग आवाज; रेडिओच्या खरखरीसारख्या व्हाइट नॉइजपेक्षा खर्जातला, म्हणून कानाला मऊ). आवाज शून्यापासून हळूहळू वाढवायचा आणि टकटक त्यात मिसळू लागली की तिथेच थांबायचं. ती पूर्ण बुडवायची नाही. शेजारचा नेहमीच्या सुरात बोलला तर कळलं पाहिजे. पाऊण तासाने हेडफोन काढून दहा मिनिटं उघड्या कानांनी बसायचं. ही पायरी मी आधी टाळायचो, आणि खरा फरक तिनेच पडला. तीन आठवड्यांनी इअरप्लग लागेनासे झाले.