सुंठ-गुळाचे कवेलूचे घर : नाताळच्या भेटीसाठी जिंजरब्रेड

जिंजरब्रेडचे, म्हणजे सुंठ घातलेल्या गोड बिस्किटाचे, घर खाण्यासाठी असले, तरी ते करताना स्वयंपाकापेक्षा बांधकामाचे नियम अधिक पाळावे लागतात. पीठ केकसारखे फुगले किंवा मधोमध ओलसर राहिले, तर भिंती वाकतात आणि छप्पर चढवताच सगळे घर बसते. म्हणून यात सोडा किंवा बेकिंग पावडर घालायची नाही. बिस्किट कडक, सपाट आणि पूर्ण कोरडे हवे. या कामाला विदर्भातला डिसेंबर फार अनुकूल असतो. हवा कोरडी असते, दुपारचे ऊन स्वच्छ असते आणि रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरत असल्याने फ्रीज नसलेल्या घरातही मळलेले पीठ रात्रभरात छान घट्ट होते. पावसाळ्यात मात्र याच्या वाटेला जाऊ नये, कारण गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो आणि भिंती सादळतात.

चित्रांत दिसते तसे बर्फाने झाकलेले घरच करायला हवे, असे मुळीच नाही. आपल्या गावातले दुपाखी, कवेलूचे म्हणजे कौलारू घर या कामासाठी अधिक सोयीचे आहे, कारण सरळ भिंती आणि दोन उतरती पाखी एवढ्यातच ते उभे राहते. आधी जाड पुठ्ठ्याचे नमुने कापून घ्यावेत. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा यासाठी उत्तम. लांबीकडच्या दोन भिंती १२ सेंटीमीटर लांब आणि ८ सेंटीमीटर उंच ठेवाव्यात. आडव्या बाजूच्या दोन भिंती १० सेंटीमीटर रुंद असाव्यात; त्या ८ सेंटीमीटरपर्यंत सरळ जाऊन मधोमध १४ सेंटीमीटरवर टोकाला मिळाव्यात. छपराची दोन पाखी प्रत्येकी १५ बाय साडेनऊ सेंटीमीटरची घेतली, म्हणजे वळचणीला थोडे पुढे येऊन भिंती झाकल्या जातात. पुठ्ठ्याचे तुकडे चिकटपट्टीने जोडून एकदा घर उभे करून पाहावे. माप चुकले असेल तर ते येथेच कळते, भट्टीतून आल्यावर नव्हे.

एका घरासाठी २५० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम बारीक चाळलेली कणीक, १५० ग्रॅम गूळ, ८० ग्रॅम लोणी किंवा वनस्पती तूप, दोन छोटे चमचे सुंठपूड, एक छोटा चमचा दालचिनीपूड, पाव चमचा लवंगपूड, थोडे जायफळ आणि चिमूटभर मीठ लागते. ज्वारीचे पीठ घालण्याचा मोह होतो, पण त्यात चिवटपणा नसल्याने मोठा तुकडा उचलतानाच तुटतो. गूळ शक्यतो गडद रंगाचा घ्यावा. परदेशात या पिठात उसाची काळसर काकवी घालतात आणि तिच्या चवीच्या सर्वांत जवळ आपला काळा गूळच जातो. वरूड-मोर्शीकडची किंवा काटोल-नरखेडची संत्री घरात असतील, तर सालीचा फक्त वरचा केशरी पापुद्रा उन्हात कडक वाळवून त्याची एक छोटा चमचा पूड घालावी. आतला पांढरा भाग आला तर कडवटपणा उतरतो. सुंठ आणि संत्रा एकत्र आले की भाजताना जो वास सुटतो, तो विकतच्या मसाल्याला येत नाही.

गूळ किसून तीन मोठे चमचे पाण्यात मंद आचेवर विरघळवावा, पाक होऊ देऊ नये. खडे-कचरा राहू नये म्हणून तो गाळून घ्यावा, गरम असतानाच त्यात लोणी वितळवावे आणि मिश्रण कोमट झाल्यावर मसाले व पीठ घालून घट्ट गोळा मळावा. हा गोळा सुरुवातीला मऊ वाटतो, पण गार झाल्यावर आवळतो, त्यामुळे लगेच जास्तीचे पीठ घालू नये. ओल्या फडक्यात गुंडाळून, झाकण असलेल्या डब्यात तो रात्रभर ठेवावा. सकाळी बटर पेपरवर ठेवून पाच मिलिमीटर जाडीचा लाटावा आणि नमुने ठेवून धारदार सुरीने कापावा. कापलेले तुकडे उचलायचे नाहीत. भोवतालचे जादा पीठ काढून घ्यावे आणि कागदासकट ट्रेवर सरकवावे, म्हणजे काटकोन बिघडत नाहीत.

घरी ओव्हन असल्यास १७० अंश सेल्सियसवर १४ ते १६ मिनिटे पुरतात. कढईत मीठ तापवून भाजण्याची युक्ती छोट्या बिस्किटांना चालते, पण भिंतीएवढ्या तुकड्याला कडेने काळी आणि मधे कच्ची अशी आच लागते, म्हणून मी ती सुचवणार नाही. त्यापेक्षा चांगली सोय आपल्याकडे आधीपासून आहे. दिवाळीत घरचे सामान देऊन तालुक्याच्या बेकरीतून नानकटाई भाजून आणतात, तसेच हे तुकडेही भाजून आणता येतात. पावाची पहिली तापलेली भट्टी या कामाची नाही. नानकटाईच्या वेळेला किंवा त्यानंतर उतरलेल्या आचेवर ट्रे आत घालायला सांगावे. बेकरीत जाताना पुठ्ठ्याचे नमुने आणि सुरी सोबत न्यावी. भाजताना तुकडे किंचित पसरतात आणि कडा गोलसर होतात. ट्रे बाहेर आल्यावर एक-दोन मिनिटांत, बिस्किट अजून नरम असताना, नमुना वर ठेवून कडा सरळ छाटाव्या लागतात. गार झाल्यावर छाटायला गेले तर तडा जातो. या दोन मिनिटांवर पुढची सगळी जोडणी अवलंबून असल्याने त्या वेळी दुसऱ्या कामात गुंतू नये.

खिडक्यांचा भाग हौसेचा आहे. ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या जर्मन लोककथांपैकी एकीत पावाच्या घराला साखरेच्या खिडक्या आहेत, आणि पुढे जर्मनीत अशी घरे नाताळला करण्याची चाल रुजली, त्यामागे या कथेचा वाटा मानला जातो. आपल्याला साखरेची काच हवी असेल, तर कापतानाच खिडकीचे चौकोन काढावेत आणि भाजणे संपायला चार-पाच मिनिटे उरली असताना त्यांत लिंबाच्या गोळ्यांचा भरड चुरा भरावा. तो वितळून पारदर्शक होतो. पूर्ण गार होईपर्यंत कागद सोडवू नये. बेकरीच्या भट्टीत मधेच ट्रे बाहेर काढणे जमत नाही, तेथे चौकोन मोकळेच ठेवलेले बरे.

जोडणीचा चुना म्हणजे पिठीसाखरेचे आयसिंग. एका अंड्याचा पांढरा भाग, २५० ग्रॅम पिठीसाखर आणि लिंबाच्या रसाचे काही थेंब एवढे फेटून इतके घट्ट करावे की चमचा उचलल्यावर टोक ताठ उभे राहील. घरी मिक्सरमध्ये दळलेली साखर मलमलच्या फडक्यातून गाळलीच पाहिजे, नाहीतर एखादा कण कोनाच्या तोंडाशी अडकतो. दुधाची जाड पिशवी स्वच्छ धुऊन, वाळवून आणि टोक बारीक कापून मेंदीसारखा कोन करता येतो. यात अंडे कच्चे राहते, त्यामुळे लहान मुले, गरोदर बायका किंवा शाकाहारी घर यांच्यासाठी ते वापरू नये. त्याऐवजी बिनमिठाचे काबुली चणे शिजवलेले दाटसर पाणी गार करून तीन मोठे चमचे घ्यावे आणि ते फेसाळेपर्यंत फेटून त्यात साखर मिसळावी. हे आयसिंग वाळायला जास्त वेळ घेते, एवढाच फरक. वापरात नसताना भांड्यावर ओले फडके झाकावे.

बैठकीसाठी बुरुडाकडची छोटी सुपली सुंदर दिसते, पण बांबू थोडा लवतो. आत बरोबर बसेल असा जाड पुठ्ठा घालूनच घर उभे करावे. लांबीकडच्या भिंती आडव्या भिंतींच्या आत बसवाव्यात, सांध्यात आयसिंगची जाड रेघ घालावी आणि आतून-बाहेरून स्टीलचे पेले टेकवून ठेवावेत. भिंती निदान तीन तास, शक्यतो रात्रभर वाळू द्याव्यात. अनेक घरे पडतात ती छपराची घाई झाल्यामुळे. पाखी चढवल्यावर ती घसरू नयेत म्हणून वळचणीखाली वाट्यांचा आधार द्यावा आणि आढ्यावर आयसिंगची भरीव रेघ ओढावी.

छप्पर पक्के झाल्यावर कवेलू बसवावेत. भाजून सोललेल्या शेंगदाण्यांच्या पाकळ्या फुगीर बाजू वर करून लावल्या, की लहान आकारात हुबेहूब कवेलू दिसतात. घर शाकारताना करतात तसेच खालून, म्हणजे वळचणीपासून सुरुवात करावी आणि वरची ओळ खालच्या ओळीवर थोडी चढवत आढ्याकडे जावे. आयसिंग पातळ थरानेच लावावे, कारण ओले आयसिंग आणि दाणे मिळून पाख्यावर बराच भार येतो. एक पाखे वाळल्यावर दुसरे घ्यावे. उरलेल्या पिठातून पायरी, कुंपण, बैलगाडीचे चाक किंवा दारावर टांगायची नाताळची चांदणी करता येते; रंगासाठी बडीशेपेच्या गोळ्या पुरेशा आहेत. येथे हात आखडता ठेवावा, सगळीकडे गोळ्या चिकटवल्या तर कवेलू दिसेनासे होतात.

तयार घर एक दिवस उघड्यावर, पण उन्हात नव्हे, वाळवावे आणि मग जिलेटिनच्या कागदात सैल बांधावे. तोपर्यंत मुंग्यांपासून वाचवण्यासाठी सुपली उपड्या डब्यावर ठेवून तो डबा पाण्याच्या परातीत ठेवावा. शेजारी किंवा जवळच्या गावात द्यायचे असेल तर उभे घर नेता येते. एसटीने जाताना ते मांडीवरच ठेवावे, वरच्या फळीवर नको. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांसाठी मात्र न जोडलेले घर पाठवणे शहाणपणाचे. प्रत्येक तुकडा बटर पेपरमध्ये गुंडाळून पुठ्ठ्यांच्या मधे सपाट बांधावा, सोबत गाळलेली पिठीसाखर, शेंगदाण्याच्या पाकळ्या आणि जोडणीची कृती द्यावी; मुलांना ते स्वतः उभारण्यातच अधिक मजा येते. अशा घरासाठी अर्ध्या गुळाच्या जागी साखर वापरली, तर दमट हवेत तुकडे उशिरा सादळतात. भेटीसोबतच्या चिठ्ठीत अंडे वापरले आहे की नाही, दाणे कोठे आहेत आणि घर कोणत्या तारखेला भाजले, हे पहिल्याच ओळीत लिहावे. साधारण दोन आठवड्यांत ते मोडून चहाबरोबर संपवावे, असेही त्यातच कळवावे.