परसात तंबू, पोपटी आणि घरात जायला बंदी

घरामागे तंबू आणि थोडा लांब जाळ मावेल एवढी मोकळी जागा असली ना, तर कॅम्पिंगला लांब जायची गरज नाही, तीन हिवाळे करून सांगतेय. आमचं घर अलिबागकडे, मागे नारळ, दोन आंबे आणि विहीर. पण पहिल्या वर्षी झालं काय, तंबू घरापासून वीस पावलांवर, मग एक जण चार्जर आणायला आत गेला, दुसरा पाणी प्यायला, तिसरी टीव्हीसमोर बसली ती बसलीच, आणि दहा वाजता तंबूत फक्त मांजर.

त्यामुळे आधी नियम ठरवा. आमच्याकडे संध्याकाळी पाचला मागच्या दाराला कडी, त्यानंतर आत फक्त बाथरूमसाठी. लागेल ते सगळं पाचच्या आत बाहेर काढायचं, पाण्याची कळशी, ताटल्या, टॉर्च, स्वेटर, कानटोप्या, ओडोमॉस. यादी पोरांनाच करू द्या, विसरलं तर विसरलं. मागच्या वर्षी मीठ राहिलं, ते सासूबाईंनी खिडकीतून दिलं, आणि हे नियमात बसतं की नाही यावर घरात अजून भांडण चालू आहे.

तारीख जानेवारीतली धरा. 26 जानेवारीला जोडून शनिवार-रविवार आला तर सोन्याहून पिवळं. अमावास्या जवळपास असेल तर तारे मस्त दिसतात. जमलं तर दोन रात्री ठेवा, कारण पहिली रात्र नुसती चुका करण्यात जाते.

जागा निवडताना वर बघा, खाली नंतर. नारळाखाली तंबू अजिबात नाही, नारळ सोडा, वाळलेली झावळी पडली तरी तंबूचं कापड फाटतं आणि डोकंही फुटतं. दगडी गडगा, लाकडांचा ढीग यांच्यापासून लांब राहा, विंचवाची घरं तिथेच. पालापाचोळा उजेडातच झाडून घ्या. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मिळतो बघा, यूव्हीवाला, त्याच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो, अंधार पडला की आम्ही त्याने एक चक्कर मारतो आणि पोरांना हीच सगळ्यात भारी गोष्ट वाटते. तंबूची चेन कायम बंद, चपला घालण्याआधी झटकायच्या, खाऊ तंबूत ठेवायचा नाही नाहीतर मुंग्यांची जत्रा. विंचू किंवा साप चावलाच तर घरगुती उपाय करत बसू नका, 108 ला फोन करा आणि सरळ दवाखाना गाठा.

तंबूवर चार माणसांचा असं लिहिलेलं असलं तरी तो तीन माणसांचा समजा. खाली ताडपत्री घाला पण तिची कड तंबूबाहेर येता कामा नये, आत दुमडा. आमची वीतभर बाहेर राहिली होती, सगळं दव तिच्यावरून ओघळून तंबूखाली गेलं आणि पहाटे तीनला गोधडी ओली. वरच्या जाळ्याही उघड्या ठेवा, थंडी वाजते म्हणून सगळं बंद केलं की श्वासाचं पाणी आतूनच गळतं. थंडी खरी जमिनीतून येते, म्हणून अंगावर दोन गोधड्या घेण्यापेक्षा एक अंगाखाली घाला. आणि कितीही गारठलात तरी कोळशाची शेगडी तंबूत नेऊ नका, कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपेत जीव जातो.

आता मुद्द्याचं, पोपटी, म्हणजे मडक्यात पाला घालून जाळावर भाजलेल्या शेंगा-बटाटे! मॅगी घरी खाताच की. मडक्याच्या तळाशी आणि कडेने भांबुर्ड्याचा, म्हणजे त्या वासाच्या रानझाडाचा, पाला दाबून भरा, त्यावर वालाच्या शेंगा, खडा मीठ, ओवा, मध्ये बटाटे, कांदे, अंडी, खाणारे असाल तर मसाला लावलेलं चिकन केळीच्या पानात गुंडाळून. पाणी थेंबभरही नाही. तोंड पाल्याने घट्ट बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा, झावळ्या, काटक्या रचून पेटवायचं. साधारण अर्धा-पाऊण तास. झालं की नाही बघायचं तर मडक्यावर पाण्याचा शिपका मारा, चर्र होऊन लगेच वाळलं की काढा. जाळ तंबूपासून निदान पंधरा फूट लांब आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला, कारण नायलॉनला एक ठिणगी पुरते. बादलीभर पाणी शेजारी ठेवा आणि झोपायच्या आधी निखारे पूर्ण विझवा.

नऊच्या सुमारास सगळे दिवे घालवा, ओटीवरचाही. मृग नक्षत्र जवळजवळ डोक्यावर असतं, मधले तीन तारे एका रेषेत, तो बाण. ती रेघ खाली वाढवली की लखलखीत व्याध, उलटीकडे वर नेली की तांबूस रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका. पुंजक्यातले किती तारे दिसतात यावर पैज लावा, आमच्याकडे आजोबा दरवर्षी नऊ सांगतात, चष्मा न लावता.

सकाळी तंबू तसाच ओला गुंडाळू नका, बुरशी धरते. उलटा करून दुपारपर्यंत कपड्यांच्या दोरीवर टाका आणि घडी घालताना खुंट्या मोजा, आमची एक अजून अळवात कुठेतरी आहे.