बोंबील तव्यावर पडायच्या आधी: स्वस्तातली फेसाळ वाइन कशी निवडावी, कशी उघडावी

रवा लावून तळलेल्या कुरकुरीत बोंबलाबरोबर थंडगार फेसाळ वाइन जमली की शॅम्पेनची आठवणही येत नाही. शॅम्पेन हे नाव फ्रान्समधल्या त्याच नावाच्या प्रांतातल्या वाइनचं. आपल्याला घाट चढून नाशिकपर्यंतच जायचंय. सुला, शँडॉन या कंपन्यांची ब्रूट, म्हणजे कमी साखरेची फेसाळ वाइन, तिथेच बनते आणि खिशाला परवडते. (महाराष्ट्रात वाइनसाठी वय 21 पूर्ण हवं.)

लेबलावर ‘ब्रूट’ शोधा. लिटरमागे 12 ग्रॅमपेक्षा कमी साखर, म्हणून चव कोरडी (ड्राय), म्हणजे गोड न लागणारी. तिच्या आंबटपणाने तळणीचा तेलकटपणा जिभेवरून निघून जातो. ‘एक्स्ट्रा ड्राय’ नावाने फसवते, ती ब्रूटपेक्षा गोड असते. मात्र बेत तिखटजाळ मालवणी रश्शाचा असेल तर मी तीच घेईन.

दुकानात काचेपाशी उन्हात मांडलेली बाटली घेऊ नका. मे महिन्यात मी अशी एक आणली होती. फेस मेलेला, चव उकडलेल्या सफरचंदासारखी. फ्रिजमधली किंवा आतल्या अंधाऱ्या फळीवरची मागा.

आपल्या दमट हवेत खरं काम थंड करण्याचं. फ्रिजमध्ये तीन तास लागतात. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर खडेमीठ घाला, बाटली गळ्यापर्यंत बुडवा. नुसता बर्फ बाटलीला इथे-तिथेच टेकतो, पाणी चहूबाजूंनी बिलगतं, आणि मिठाने ते शून्याच्याही खाली उतरतं. वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. 6 ते 8 अंश पुरे. फ्रीजरमध्ये ठेवून विसरलात तर बाटली फुटते.

आत गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो, म्हणून बाटली कुणाच्या तोंडाकडे धरू नका. बुचावर फडकं टाका, अंगठा दाबूनच ठेवा आणि तारेची जाळी सहा अर्धे पिळे देऊन सैल करा. बाटली तिरपी धरा. आता बूच घट्ट धरून बाटली फिरवा, बूच नाही. ते वर यायला लागलं की उलट दाबून धरा. मोठा आवाज न होता हलकासा ‘फुस्स’ आला, म्हणजे फेस आतच राहिला.

ग्लास निमुळता घ्या, साबणाचा अंश राहू देऊ नका, त्याने बुडबुडे मरतात. तिरप्या ग्लासात कडेने, दोन टप्प्यांत ओता.

बोंबील तव्यावरून उतरले की लगेच वाढा. लिंबू बेतानेच पिळा, आंबटपणा वाइनमध्ये आहेच. सोलकढी शेवटी, भाताबरोबर. बाटली उरलीच तर तोंडात चमचा अडकवून फायदा नाही. फेसाळ वाइनचं घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा.