पुरुषांच्या गोळीची बातमी आली की काय बघायचं, आणि तोवर काय करायचं

"आता पुरुषांसाठीही गर्भनिरोधक गोळी" ही बातमी व्हॉट्सअपवर अधूनमधून फिरतेच आणि लगेच नाशिकच्या सातपूर-अंबडच्या चहाच्या टपरीवर चौकशी सुरू, कुठं मिळते, कितीला मिळते. कुठंच मिळत नाही भावांनो, सिडकोतल्या मेडिकलमध्ये नाही आणि मुंबईतही नाही.

बातमी उघडली की आधी ट्रायल (माणसांवरची चाचणी) कितव्या फेजला, म्हणजे टप्प्याला, आहे आणि किती जणांवर झाली ते शोधा. वायसीटी-५२९ ही हार्मोन नसलेली गोळी, तिची पहिली ट्रायल ब्रिटनमध्ये फक्त १६ जणांवर झाली, तीही सेफ्टी बघायला, गर्भ राहतो की नाही हे त्यात तपासलेलंच नाही! खांद्याला रोज चोळायचं नेस्टोरोन-टेस्टोस्टेरॉन हे हार्मोनचं जेल जरा पुढं आहे, फेज २बी, म्हणजे मधला टप्पा, जोडप्यांवर.

आणि आपलं रिसग, आयआयटी खरगपूरच्या डॉ. सुजॉय गुहांचं. शुक्राणू वाहून नेणाऱ्या नळीत एकदाच इंजेक्शन द्यायचं, मग तिथून जाणारे शुक्राणू निकामी. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) ३०३ विवाहित पुरुषांवर फेज ३ केली, २०२३ मध्ये निकाल छापून आला, गर्भ टाळण्यात ९९ टक्के. पण नंतर मूल हवं झालं तर ते परत उलटवता येतं हे प्राण्यांत दिसलंय, माणसात सिद्ध व्हायचंय. त्यामुळे कोणी पैसे घेऊन "रिसग करून देतो" म्हणाला तर तिथून उठायचं. खऱ्या ट्रायलची सीटीआरआयवर (ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत) नोंद असते आणि संमतीपत्र वाचून मगच सही असते.

तोवर निरोध, सरकारी दवाखान्यात फुकट. मुलं पुरे असतील तर विनाटाका नसबंदी, आशाताईंना नाहीतर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला विचारा. त्यात शुक्राणू वाहून नेणारी तीच नळी बंद करतात, भूल फक्त तेवढ्या जागेपुरती, त्याच दिवशी घरी, आठवडाभर जड उचलायचं नाही. मर्दानगी वगैरे काही जात नाही, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन थेट रक्तात जातं, त्याचा या नळीशी संबंधच नाही. तरी देशात (एनएफएचएस-५, २०१९-२१ची सरकारी कुटुंब आरोग्य पाहणी) विवाहित जोडप्यांत बायकांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३, म्हणजे बाळंतपणंही तिनेच करायची आणि ऑपरेशनही तिनेच.

एक गोष्ट बरेच जण विसरतात, ऑपरेशन झालं म्हणजे त्याच दिवसापासून मोकळे नाही, आधीचे शुक्राणू पुढच्या नळीत असतातच. तीन महिने निरोध चालू ठेवायचा, मग वीर्य तपासणी करायची, रिपोर्टात शुक्राणू शून्य आले आणि डॉक्टर हो म्हणाले की मगच निरोध बंद.