'गाव कुठलं?' विचारण्याआधी

दक्षिण अमेरिकेतल्या, एकेकाळी डच वसाहत असलेल्या सुरीनामच्या राजधानीत, पारामारिबोत, आल्या आल्या मी शेजारच्या आजींना हिंदीत विचारलं, "आपका गाँव?" त्या म्हणाल्या, "निकेरी." मी म्हटलं, "वो नहीं, असलीवाला." आजी गप्प झाल्या. निकेरी म्हणजे सुरीनामचा पश्चिमेकडचा भातशेतीचा जिल्हा, आणि त्यांचं असली गाव तेच. ५ जून १८७३ ला 'लल्ला रूख' जहाजातून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले भारतीय मजूर, इथं उतरले, त्याला आता दीडशे वर्षं होऊन गेली. आजींच्या तोंडची सरनामी भोजपुरी-अवधीतून घडलेली, वर डच शब्दांची फोडणी. निम्मी कळते, म्हणून फसायला होतं.

स्वतःची ओळख सांगतानाही जपून. डचमध्ये 'इंडियान' म्हणजे इथले मूळ आदिवासी. आपण 'इंडिएर'. आणि 'हिंदुस्तानी' म्हणजे आजींसारखे, इथलेच.

आपली माणसं भेटली म्हणून त्यांच्यातच रुतून बसू नका. अर्थात फगवा, म्हणजे होळी, चुकवू नका. त्या दिवशी सरकारी सुट्टी असते आणि रंग लावताना कोणी जात-धर्म विचारत नाही. पण १ जुलैही तितकाच मोठा. १८६३ साली याच दिवशी गुलामगिरी संपली. 'केती कोती', साखळी तुटली. क्रिओल, म्हणजे आफ्रिकन वंशाच्या, बायका घेरदार कोतो नेसून, डोक्याला आंगीसा बांधून निघतात. आंगीसाच्या घडीतून निरोप दिला जायचा. कुणाला राग आलाय, तेही कळायचं.

जेवणाची चिंता नको. रोटीबरोबर येणारं 'कौसेनबांड' म्हणजे आपल्या चवळीच्या शेंगा, फक्त हातभर लांब. वाढदिवसाला पोम असणारच: अळूच्या नात्यातला कंद किसून, त्यात चिकन आणि संत्र्याचा रस घालून भाजलेला. पहिला घास मला विचित्र लागला, आता मीच दुसऱ्यांदा वाढून घेतो. ब्लाउग्रोंड भागात जावानीज वारुंगांत, म्हणजे छोट्या खानावळींत, साओतो सूप प्या. वाढदिवसाला गेलात तर नुसत्या उत्सवमूर्तीचं नव्हे, आईवडिलांचं, भावंडांचंही अभिनंदन करायचं असतं. मला हे फार आवडतं.

काइझर रस्त्यावर मशीद आणि सिनॅगॉग शेजारी शेजारी उभे आहेत, ते सगळेच दाखवतील. मी सांगेन, रविवारी सकाळी स्वातंत्र्य चौकात जा. पुरुष छोटे पिंजरे घेऊन जमतात आणि त्यांच्या त्वात्वा पक्ष्यांच्या गाण्याची स्पर्धा लागते. कोणाच्या पक्ष्यानं किती शिट्या घातल्या, त्या मोजतात. तिथं मोठ्यानं बोलू नका. मी फोन उचलला होता, वीस डोळे वळले.

गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची. मात्र ३१ डिसेंबरला ती शहरात नेऊ नका. दुकानांसमोर पगारा, म्हणजे फटाक्यांच्या लांबच लांब लाल माळा, दुपारपासून पेटतात. पायी जा, कानात कापूस घालून.